प्रतिकृतीचे पालकत्व

अस्सल आणि नक्कल यांच्या नात्याचा विचार छत्रपती संभाजीनगरात करायचा झाला, तर पहिले नाव बीबी का मकबऱ्याचे निघणे स्वाभाविक आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिच्या स्मरणार्थ सतराव्या शतकात उभी राहिलेली ही वास्तू ताजमहालाचा आराखडा डोळ्यांसमोर ठेवून बांधली गेली. तिच्या दारावरील लेखात स्थापत्यकार म्हणून अताउल्लाचे नाव येते, आणि ताजमहालाच्या उभारणीशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा तो मुलगा. म्हणजे मूळ वास्तू आणि तिची प्रतिकृती यांना जोडणारे घराणेही एकच होते. तथापि ताजला सर्वांगी लाभलेला संगमरवर येथे मोजक्याच भागांना मिळाला आणि उरलेली इमारत दगड व चुन्याच्या गिलाव्यावर भागवावी लागली, त्यामुळे मकबऱ्याकडे येणारा पाहुणा तुलना मनात घेऊनच येतो आणि गिलावा कोठे निघाला आहे ते आधी शोधतो.

याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर, फर्दापूरजवळ आणखी एक प्रतिकृती उभी आहे आणि तिची चर्चा मकबऱ्याच्या मानाने फारच थोडी झाली आहे. अजिंठ्याच्या १, २, १६ आणि १७ या चार लेण्यांच्या प्रतिकृती ज्या केंद्रात मांडल्या गेल्या, ते अजिंठा अभ्यागत केंद्र जपानच्या कर्जातून साकारलेल्या प्रकल्पाचा भाग आहे. जपानचे नाव ऐकून कोणी तेथे लाकडी कमान, छोटा पूल किंवा पॅगोडा शोधू लागला तर त्याची निराशा होईल, कारण या वास्तूतला विषय पूर्णतः मराठवाड्याचा आहे. मात्र अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणे, त्या गमावणे आणि पुन्हा उभ्या करणे या शंभर वर्षांहून लांबलेल्या उद्योगात जपानी चित्रकारांचा हात वारंवार दिसतो, आणि फर्दापूरच्या इमारतीचे बरेवाईट समजून घ्यायला त्या इतिहासाची मदत होते.

फर्दापूरचा तिठा

संभाजीनगर–जळगाव रस्त्यावरून लेण्यांकडे जिथे फाटा फुटतो, त्या तिठ्याला गावकरी, वाहनचालक आणि एसटीचे वाहक सगळेच ‘टी-पॉइंट’ म्हणतात. लेणी येथून सुमारे चार किलोमीटर आत, वाघूर नदीने कातलेल्या नालाच्या आकाराच्या दरीत आहेत. पूर्वी खासगी गाड्या थेट पायथ्यापर्यंत जात आणि त्यांच्याबरोबर धूर, हॉर्न आणि दुकानांची गर्दीही दरीत शिरत असे. प्रकल्पाने केलेला सर्वांत ठळक बदल म्हणजे ही वर्दळ तिठ्यावरच थांबवणे. आता वाहनतळ, दुकाने आणि उपाहारगृहे येथे आहेत, आणि पुढचा प्रवास एसटी महामंडळाच्या बसने करावा लागतो.

तिठ्यावरच्या दुकानांत मूर्ती, माळा आणि चित्रपुस्तिका यांच्याबरोबर रंगीत स्फटिकांचे तुकडे मांडलेले असतात. लेणी ज्या काळ्या बेसाल्ट खडकात खोदली गेली त्याच्याच पोटातले हे स्फटिक होत: लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्या कालांतराने झिओलाइट गटातील आणि इतर खनिजांनी भरल्या, आणि विहिरी वा खाणी खोदताना त्या उघड्या पडतात. चित्राची नक्कल आणि डोंगराचा अस्सल तुकडा एकाच फळीवर विकायला असणे ही या बाजारपेठेतली रोजची गोष्ट आहे.

बसमधून उतरल्यावर पायऱ्यांची चढण लागते, ज्यांना ती झेपत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले उभे असतात, आणि पहिल्या लेण्याच्या ओसरीत पादत्राणे काढल्यावर पाहुणा उन्हातून एकदम काळोखात शिरतो. प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो, फ्लॅशला बंदी असते, गर्दीच्या दिवशी चित्रांच्या लेण्यांत माणसे तुकड्यातुकड्यांनी सोडली जातात आणि पुढची तुकडी दाराशी तिष्ठत असल्याने पहारेकरी आतल्यांना लवकर बाहेर पडण्याची विनंती करत राहतात. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला जी काही मिनिटे लागतात, तेवढ्यातच बहुतेकांची पाळी संपते. पद्मपाणीचा झुकलेला चेहरा ओळखू येतो, पण त्याच्या भोवतीच्या गर्दीत कोण कोणाशी काय बोलते आहे, कोणत्या जातकातील म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कोणत्या कथेतील हा प्रसंग आहे, आणि कथा भिंतीवर कोठून कोठे सरकते, हे उलगडण्याइतका अवधी मिळत नाही.

हे निर्बंध अनाठायी नाहीत. माणसाच्या श्वासातली वाफ, अंगाची ऊब आणि कार्बन डायऑक्साइड बंद दालनात साठत जातात, आर्द्रता चढउतरली की गिलावा फुगतो व आकसतो, आणि दीड हजार वर्षांचा रंग त्याच्याबरोबर सुटत जातो. चित्र पाहण्यासाठी जितका वेळ हवा तितका वेळ चित्राला सोसत नाही, या पेचावर उत्तर म्हणून प्रतिकृतीची कल्पना पुढे येते: भरपूर उजेड, समजावून सांगणारा आवाज आणि बसायला जागा असलेल्या ठिकाणी कथा आधी समजून घ्यावी, मग खऱ्या लेण्यात थोडाच वेळ पण जाणतेपणाने उभे राहावे.

येनमधले कर्ज

‘अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्प’ या लांबलचक नावाच्या योजनेचा पहिला करार जानेवारी १९९२ मध्ये झाला, तेव्हा जपान सरकारच्या विकास कर्जाचे काम पाहणाऱ्या निधीने ३७४.५ कोटी येन मंजूर केले. दुसऱ्या टप्प्याचा करार मार्च २००३ मध्ये झाला आणि त्याची रक्कम ७३३.१ कोटी येन होती. पुढे २००८ मध्ये हे काम जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेकडे, म्हणजे मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत ‘जायका’कडे आले. असे कर्ज अनुदान नसते, ते दीर्घ मुदतीत परत फेडायचे असते. फक्त व्याज बाजारभावापेक्षा बरेच कमी असते.

या पैशातून झालेली कामे पाहिली तर प्रकल्पाची व्याप्ती लक्षात येते. चिकलठाणा विमानतळाचा विस्तार झाला, रस्ते रुंदावले, पाणी आणि विजेची सोय वाढली, लेण्यांभोवतीच्या उघड्या डोंगरउतारांवर झाडे लावली गेली आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संवर्धनकामाला निधी मिळाला. जपानमधून आणि आग्नेय आशियातून येणारा बौद्ध यात्रेकरू बोधगया, सारनाथ करून परत जातो, त्याने अजिंठ्यापर्यंत यावे, ही अपेक्षा या मांडणीमागे उघड होती. अभ्यागत केंद्रे हा याच साखळीतला शेवटचा आणि सर्वांत दिसणारा दुवा. वेरूळ येथेही असे केंद्र उभारले गेले आणि त्यात कैलास लेण्याची प्रतिकृती ठेवण्यात आली.

अजिंठ्याच्या तीस लेण्यांतून नेमकी चार निवडण्यामागचे कारण भिंतींवरच आहे. पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, दरीत जो खोदकामाचा आणि चित्रकामाचा बहर आला त्याचा उत्तम अवशेष याच चार विहारांत, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यांत, टिकला आहे. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करविले, आणि नंद संसार सोडून गेल्याचे कळताच कोसळलेली सुंदरी त्यात आहे. सतराव्यात विश्वंतर जातकाचा लांब कथापट, सिंहलाची कथा, ओसरीतील भवचक्र आणि भिक्षापात्र हाती घेऊन यशोधरा व राहुल यांच्यासमोर उभा असलेला बुद्ध आहे. पहिल्यात पद्मपाणी आणि वज्रपाणी आहेत, तर दुसऱ्यात बुद्धजन्माचा प्रसंग, हारीतीचे देवघर आणि छतावरची नक्षी आहे. ज्या लेण्यांकडे गर्दी सर्वाधिक ओढली जाते आणि ज्यांना गर्दी सर्वाधिक बाधते तीच ही चार लेणी असल्यामुळे दुसरी आवृत्ती त्यांचीच हवी होती.

कोणत्या दिवसाची नक्कल करायची?

प्रतिकृती करणाऱ्यासमोर पहिला प्रश्न रंगांचा नसून काळाचा असतो. अजिंठ्याच्या कारागिरांनी छिन्नीच्या घावांनी मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या बेसाल्टवर मातीचा गिलावा चढवला, त्यात वाळू, तूस, गवताचे तंतू आणि वनस्पतींचे धागे मिसळले, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. ओल्या चुन्यात रंग मुरवण्याच्या इटालियन पद्धतीपेक्षा, जिला फ्रेस्को म्हणतात, ही पद्धत वेगळी आहे, आणि येथे रंग गिलाव्याच्या अंगात न जाता त्याच्या पृष्ठावर बसतो. लाल व पिवळी गेरू, हिरवी माती, काजळ आणि पांढरी माती हे रंग जवळपासच्या भूमीतून आले. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द मात्र दूरच्या व्यापारातून आणावा लागला.

या बांधणीतले बलस्थान आणि दोष एकाच ठिकाणी आहेत. गवत व तंतूंमुळे माती तडकत नाही, पण तेच तंतू कसरीसारख्या किड्यांचे अन्न ठरतात आणि किड्यांनी पोखरलेला गिलावा आतून पोकळ होत भिंत सोडतो. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले असून किडीला दूर ठेवण्याच्या त्यांच्या गुणामुळे तिथला गिलावा तुलनेने शाबूत राहिला असावा, असे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी मांडले आहे. अजिंठ्यात हे संरक्षण नव्हते. शिवाय निजामाच्या राजवटीत, १९२० ते १९२२ या काळात, लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटू पाहणारा गिलावा पक्का केला. त्यांच्या कामामुळे पुष्कळ चित्रे वाचली, पण चित्रांवर चढलेले लाखेचे थर पुढे पिवळे पडत गेले आणि ते काढण्यात नंतरच्या पिढ्यांची वर्षे खर्ची पडली.

मग नक्कल कोणत्या अवस्थेची करायची? इ.स. ४७० च्या सुमारास रंग ताजे असताना भिंत जशी दिसत असेल तशी रंगवली, तर निम्म्याहून अधिक भाग कल्पनेने भरावा लागतो आणि पाहणाऱ्याला कल्पना व पुरावा यांतला फरक कळत नाही. आजची भिंत जशीच्या तशी उतरवली, तर पापुद्रे, डाग आणि रिकाम्या जागाही उतरतात, आणि कथा समजून देण्याचा मूळ हेतूच अर्धा राहतो. जगभरच्या प्रतिकृतीकारांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. फ्रान्समधील लास्कोची प्रागैतिहासिक गुहा १९६३ मध्ये लोकांना बंद झाली आणि १९८३ मध्ये तिच्या शेजारी दुसरी गुहा उघडली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी खडकाचा प्रत्येक उंचवटा मोजून घेतला, कारण तेथील रानगव्यांची पाठ खडकाच्या फुगवट्यावर बेतलेली होती. अजिंठ्यातही छताचा उतार, खांबांची सावली आणि दारातून येणारा दुपारचा तिरपा प्रकाश हे चित्राचेच घटक आहेत, आणि केवळ रंगवलेला फलक टांगून ते परत मिळत नाहीत.

जळालेल्या नकला

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांचा इतिहास बव्हंशी आगीचा इतिहास आहे. मद्रास फौजेतील अधिकारी जॉन स्मिथ याने १८१९ मध्ये लेणी पाहिल्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८४४ मध्ये, रॉबर्ट गिलची नेमणूक चित्रांच्या नकला करण्यासाठी झाली. ना. धों. महानोरांच्या दीर्घकाव्यामुळे आणि २०१२ मधील चित्रपटामुळे गिल व पारू यांची कथा मराठी वाचकाला पाठ आहे, पण गिलने दरीतला ताप, वटवाघळे आणि एकांत सोसून तैलरंगात केलेल्या मोठ्या नकलांचे काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या प्रदर्शित केल्या होत्या आणि १८६६ च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक भस्मसात झाल्या.

मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन हेच काम पुन्हा हाती घेतले, पेस्तनजी बमनजींसारखे चित्रकार त्या शिबिरांत घडले, आणि लंडनला पाठवलेल्या त्या नकलांचा मोठा भाग १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेला. तिसरी मोठी मोहीम १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम यांची. तिच्यात नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, तसेच हैदराबादचे सय्यद अहमद आणि फझलुद्दीन होते.

जपानी चित्रकार यानंतर आले. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये कोलकात्यात दाखल झालेले आराई काम्पो जोडासांकोच्या वाड्यात जपानी कुंचल्याचे तंत्र शिकवत, आणि त्यांनी अजिंठ्यात मुक्काम करून भिंतचित्रांच्या नकला केल्या. या मोहिमेत अभ्यासक सावामुरा सेन्तारो आणि चित्रकार नोसू कोसेत्सु यांचाही सहभाग होता. जपानी बौद्ध कलेचा उगम शोधणाऱ्या तोक्योतील विद्वानांना अजिंठा हे आपल्या घराण्याचे मूळ गाव वाटत असे आणि म्हणून या नकला तोक्योच्या साम्राज्य विद्यापीठात ठेवण्यात आल्या. १ सप्टेंबर १९२३ च्या कान्तो भूकंपानंतर शहरभर पसरलेल्या आगीत विद्यापीठाचे ग्रंथालय जळाले आणि त्याबरोबर या नकलाही गेल्या. नोसूंचा अजिंठ्याचा अभ्यास मात्र वाया गेला नाही. सारनाथच्या मूलगंधकुटी विहारात १९३० च्या दशकात त्यांनी रंगवलेल्या बुद्धचरित्राच्या भिंतींवर त्याची छाया स्पष्ट ओळखू येते.

नाराचे सुवर्णमंदिर

आराई काम्पोंच्या आयुष्याचा उत्तरार्ध या गोष्टीला वेगळेच वळण देतो. जपानमधील नारा परिसरातील होर्यू-जी या विहाराच्या मुख्य मंदिरात, ज्याला कोन्दो म्हणजे सुवर्णमंदिर म्हणतात, सातव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेली बारा मोठी भिंतचित्रे होती. त्यांतील बोधिसत्त्वाची बाकदार देहयष्टी आणि अर्धोन्मीलित दृष्टी यांची तुलना अभ्यासक अजिंठ्याच्या पद्मपाणीशी करत आले. लाकडी मंदिर आणि चित्रे दोन्ही जीर्ण होत चालल्यामुळे १९४० मध्ये सरकारने नामांकित चित्रकारांकडून भिंतींच्या तंतोतंत नकला करून घेण्याचे काम सुरू केले, आणि अजिंठ्याचा अनुभव असलेले आराई त्या तुकड्यांपैकी एकीचे प्रमुख होते. हे काम अपुरे असतानाच १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले.

२६ जानेवारी १९४९ च्या पहाटे कोन्दोला आग लागली आणि भिंतचित्रांचे रंग होरपळून नाहीसे झाले. थंडीत काम करणाऱ्या चित्रकारांच्या विजेवर तापणाऱ्या बैठकीतून ठिणगी पडली असावी, हा आगीच्या कारणांविषयीचा सर्वांत प्रचलित तर्क आहे. जतनासाठी चाललेल्या नकलेच्या कामातूनच मूळ नष्ट झाले, हा आघात इतका मोठा होता की पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा सर्वंकष कायदा केला, आणि १९५५ पासून २६ जानेवारी हा दिवस देशभरच्या मंदिरांत व संग्रहालयांत आग विझवण्याच्या सरावाचा दिवस म्हणून पाळला जातो.

पुढे जे घडले ते फर्दापूरसाठी अधिक महत्त्वाचे आहे. जळून काळवंडलेल्या भिंती आणि खांब टाकून न देता खास बांधलेल्या भांडारात उभे करून ठेवण्यात आले. १९३५ मध्ये काचेच्या मोठ्या तबकड्यांवर घेतलेली छायाचित्रे आणि अर्धवट राहिलेल्या नकला यांच्या आधारे १९६७–६८ मध्ये यासुदा युकिहिको, माएदा सेइसोन आदी चित्रकारांच्या देखरेखीखाली चित्रे नव्याने रंगवली गेली आणि ती कोन्दोत बसवण्यात आली. आज होर्यू-जीला जाणारा भाविक याच प्रतिकृतींसमोर हात जोडतो. मूळ, त्याचे छायाचित्र, त्याची नक्कल आणि त्याचा जळका सांगाडा या चारही गोष्टींना तेथे स्वतंत्र रखवालदार आहे.

नकलेचा संसार करणारा देश

प्रतिकृतीविषयी जपानी व्यवहारात जो संकोचाचा अभाव दिसतो, त्याची मुळे बरीच खोल आहेत. इसे येथील शिंतो देवस्थानाचे लाकडी मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधले जाते. २०१३ मध्ये अशी बासष्टावी पुनर्बांधणी झाली आणि पुढची २०३३ मध्ये होणार आहे. वीस वर्षांचा हा फेरा सुताराच्या आयुष्याशी जुळणारा आहे, कारण उमेदवारीत पाहिलेले काम तो कर्त्या वयात करतो आणि उतारवयात दुसऱ्यांना शिकवतो. मंदिराबरोबर हत्यारे, लाकूड राखणारे जंगल आणि पैशाची तरतूद यांचाही फेरा ठरलेला असतो.

याच देशाने प्रतिकृतीचा करमणुकीसाठीही मनसोक्त वापर केला. नागासाकीजवळ १९९२ मध्ये डच गावाची नक्कल असलेले हुइस टेन बॉश हे विहारस्थळ उघडले, आणि निक्कोजवळच्या तोबू वर्ल्ड स्क्वेअरमध्ये १९९३ पासून ताजमहालासह जगातील प्रसिद्ध वास्तू पंचविसाव्या हिश्शाच्या आकारात उभ्या आहेत. तोकुशिमा जिल्ह्यातील नारुतो येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या ओत्सुका कला संग्रहालयात तर एकही मूळ चित्र नाही. पाश्चात्त्य कलेतील हजारावर कृतींची छायाचित्रे मातीच्या मोठ्या फरशांवर उतरवून त्या भट्टीत भाजल्या गेल्या, व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलचे छत पूर्ण आकारात उभे केले गेले, आणि पाहणाऱ्याला चित्राला हात लावण्याचीही मुभा आहे. भाजलेल्या मातीवरचा रंग उजेडाने उडत नाही, ओलीने फुगत नाही आणि किडीला खायला काही मिळत नाही; म्हणजे अजिंठ्याच्या गिलाव्याला जे तीन शत्रू आहेत त्या तिघांचाही बंदोबस्त या तंत्रात आधीच केलेला आहे.

असुका येथील ताकामात्सुझुका थडग्याचे उदाहरण याच्या जोडीला ठेवण्यासारखे आहे. १९७२ मध्ये सापडलेली तेथील भिंतचित्रे थडग्यात असेपर्यंत लोकांना प्रत्यक्ष दाखवली गेली नाहीत, शेजारी १९७७ मध्ये उघडलेल्या दालनात त्यांची प्रतिकृतीच दाखवली गेली. तरीही बंद थडग्यात बुरशी वाढली आणि २००७ मध्ये दगडी कक्षच सुटा करून बाहेर काढावा लागला. प्रतिकृती उभी राहिली म्हणून मुळाची काळजी संपत नाही, हे या प्रकरणाने जपानलाही शिकवले.

सिंहगड रस्त्यावरचे ओकायामा

महाराष्ट्रात जपानी धाटणीची प्रतिकृती शब्दशः पाहायची असेल तर पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर जावे लागते. पु. ल. देशपांडे उद्यान या नावाने पुणेकरांना ठाऊक असलेली सुमारे दहा एकरांची ही बाग ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून २००६ मध्ये खुली झाली आणि तिचा नमुना आहे ओकायामाचे कोराकुएन. सतराव्या शतकाच्या शेवटी, इकेदा त्सुनामासा या सरदारासाठी तयार झालेले ते उद्यान जपानमधील तीन श्रेष्ठ उद्यानांत गणले जाते. फिरत फिरत पाहण्याची ही बाग असते: पायवाट अशी वळवलेली असते की तळे, टेकडी, पूल आणि हिरवळ एकदम न दिसता एकामागून एक उलगडतात, आणि बागेबाहेरचे डोंगर किंवा किल्ला यांनाही दृश्यात सामावून घेतले जाते.

कोराकुएनचा पुढचा इतिहास पाहिला तर मूळ कशाला म्हणावे हाच प्रश्न पडतो, कारण १९३४ चा पूर आणि १९४५ ची बॉम्बफेक यांत त्या बागेची मोठी हानी झाली आणि एदो काळातील चित्रे व नकाशे समोर ठेवून ती पुन्हा सावरण्यात आली. म्हणजे पुण्यातली बाग ज्या बागेची नक्कल आहे ती बागही अंशतः स्वतःचीच नक्कल आहे. दोन्ही टिकून आहेत त्याचे कारण साधे आहे: हिरवळ कापणारा, तळ्यातला गाळ काढणारा आणि तिकीट फाडणारा माणूस तेथे रोज हजर असतो.

विजेचे बिल

फर्दापूरची अडचण नेमकी येथे आहे. अभ्यागत केंद्रासारख्या इमारतीला खिडक्यांचा उपयोग कमी आणि दिव्यांचा, वातानुकूलनाचा, प्रक्षेपकांचा उपयोग फार. म्हणजे खरे लेणे जितके कमी विजेत चालते तितकीच त्याची प्रतिकृती विजेवर अवलंबून असते. कर्जाचा करार बांधकामापुरता असतो, इमारत ताब्यात आल्यावरचा दैनंदिन खर्च राज्याच्या यंत्रणेने चालवायचा असतो, आणि तो तिकिटातून निघेल या गृहीतकावर अशा केंद्रांची आखणी केलेली असते. हे गृहीतक टिकले नाही. २०१३ मध्ये उद्घाटन झालेल्या या केंद्राला काही वर्षांतच, वीज व पाण्याची बिले कोट्यवधींनी थकल्यामुळे, टाळे लागले आणि वेरूळच्या केंद्राचीही तीच गत झाली.

यामागे पर्यटकाच्या दिवसाचे गणितही आहे. संभाजीनगरहून सकाळी निघालेले कुटुंब तिठ्यावर पोहोचेपर्यंत ऊन चढलेले असते, लेणी पाहायला तीन-चार तास लागतात, संध्याकाळपर्यंत परतायचे असते, आणि खरी लेणी चार किलोमीटरवर असताना खोट्या लेण्यांसाठी वेगळे तिकीट काढून तासभर थांबायला कोणी सहजी राजी होत नाही. एकदा लेणी पाहून झाल्यावर तर केंद्रात शिरण्याचे कारणच उरत नाही.

चीनमधील दुनहुआंग येथे हाच पेच दुसऱ्या रीतीने सोडवला गेला. मोगाओच्या चित्रित लेण्यांपासून काही किलोमीटर दूर २०१४ मध्ये उघडलेल्या केंद्रात पाहुण्याला आधी चित्रपट दाखवला जातो, त्यातला एक घुमटाकार पडद्यावर असतो, आणि मगच बस त्याला लेण्यांकडे नेते. लेण्यांच्या तिकिटातच केंद्राचा समावेश असतो आणि रोजच्या पाहुण्यांची कमाल संख्याही ठरलेली असते. तेथे केंद्र हा प्रवेशाचा दरवाजा आहे, फर्दापूरला ते रस्त्याकडेचे ऐच्छिक ठिकाण राहिले. अजिंठ्याची भौगोलिक रचना मात्र दुनहुआंगसारखीच आहे: गाड्या तिठ्यावर थांबतात, बस तिठ्यावरून सुटते, म्हणजे प्रत्येक पाहुणा केंद्राच्या आसपास येतोच.

दुसऱ्या वारशाची व्यवस्था

गिलच्या नकला जळाल्या, आराईंच्या जळाल्या, आणि होर्यू-जीत नकलेपायी मूळ जळाले, या सगळ्या घटनांतून निघणारा धडा एकच आहे की प्रतिकृती तयार झाली की सांभाळायच्या गोष्टी एकावरून दोन होतात. अजिंठ्याच्या बाबतीत पहिल्या गोष्टीची जबाबदारी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, कायद्याने बांधलेली आहे. दुसरीची जबाबदारी कधी पर्यटन विभागाकडे, कधी चालवायला घेणाऱ्या ठेकेदाराच्या शोधात, अशी हिंडती राहिली आहे.

लेण्यांच्या प्रवेशशुल्कात आणि बसभाड्यात केंद्राचा छोटा वाटा धरला, पहिल्या अर्ध्या तासाची कथा तेथेच सांगितली आणि मग बस सोडली, तर केंद्राला उत्पन्न मिळेल व लेण्यांतली गर्दी आपोआप टप्प्याटप्प्याने जाईल. छतावर पडणाऱ्या मराठवाड्याच्या उन्हातून वीज घेणे अशा इमारतीला इतर कोणापेक्षाही अधिक शोभेल. संभाजीनगरचे शासकीय कला महाविद्यालय आणि मुंबईचे जे. जे. यांच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी एका भिंतीचे काम दिले, मातीचा गिलावा कालवण्यापासून लाजवर्द घोटण्यापर्यंतची प्रक्रिया लोकांसमोर करू दिली, तर इसेच्या सुतारांप्रमाणे येथेही एक हात दुसऱ्या हाताला काम शिकवत राहील, आणि प्रतिकृती दर काही वर्षांनी नव्याने जन्मत राहील. ग्रिफिथ्स यांच्या शिबिरांनी दीडशे वर्षांपूर्वी हेच केले होते. जळून गेलेल्या नकलांपेक्षा त्या शिबिरांत तयार झालेले चित्रकार हीच त्या उद्योगाची टिकाऊ मिळकत ठरली. केंद्राच्या भिंतींसाठी घेतलेले कर्ज कधी ना कधी फिटते, पण त्या भिंतींवर काम करणाऱ्या हातांचा आणि त्यांवर उजेड टाकणाऱ्या दिव्यांचा खर्च दरसालचा असतो, आणि तो राज्याच्या अंदाजपत्रकात कायमचा नोंदला गेल्याखेरीज प्रतिकृतीला पालक मिळाला असे म्हणता येणार नाही.